शेंदराखालची अक्षरं

आखाजीच्या आदल्या दिवशी सकाळी सहालाच लताबाई गाडीत जाऊन बसल्या. त्यांच्या नवऱ्याचा, कौतिकभाऊंचा, चहा व्हायचा होता, मुलगा तेजस अजून दात घासत होता. पण लताबाईंना सांगणार कोण? साठी उलटली तरी माहेरी निघालेल्या पोरीसारखी त्यांची घाई. आणि गंमत म्हणजे त्या माहेरी निघाल्याच नव्हत्या, नणंदेला माहेरी आणायला निघाल्या होत्या.

पंचांगात तिचं नाव अक्षय तृतीया असेल, खानदेशात ती आखाजी. सासुरवाशिणींचा सण. निंबाला झोका बांधायचा, सांजोऱ्या करायच्या आणि त्याआधी लेकीबाळींना आणायला माहेराहून मुराळी धाडायचा. मुराळी म्हणजे बहुतेक भाऊच. कौतिकभाऊंची थोरली बहीण बेबाबाई साठ वर्षांपूर्वी रावेरहून धुळ्याला दिलेली. आता शहात्तर वर्षांची, पतवंडांची तोंडं पाहिलेली, पण आखाजीला मुराळी लागतोच. त्यातही तिची एक अट: मुराळी कौतिकच पाहिजे, आणि त्याने स्वतः गाडी चालवत यायचं. दुसरं कोणी आलं तर बेबाबाई ओट्यावरून हलत नाही.

मागच्या वर्षी आखाजीच्या तोंडावर कौतिकभाऊंचं हृदयाचं ऑपरेशन झालं. मग तेजस गेला, पुण्याहून नवीकोरी गाडी घेऊन. बेबाबाईने त्याला जेवू घातलं, पाठीवरून हात फिरवला आणि रिकामा परत पाठवला. लताबाई तेव्हा जाम चिडल्या होत्या. म्हातारपणी एवढा हेका बरा नव्हे, असं त्यांचं स्पष्ट मत होतं. पण झोका मोकळा हलताना पाहिला तेव्हा त्यांनाही रडू फुटलं. यंदा डॉक्टरांनी कौतिकभाऊंना गाडी चालवायची परवानगी दिली, त्या दिवसापासून घरात नुसती लगबग होती. बेबाबाईला फोन गेला होता. बारा वाजेपर्यंत पोचतो, पिशवी भरून बस.

गाडीचंही सांगायला हवं, कारण ती घरातलं चौथं माणूसच. वीस वर्षांपूर्वी केळीने भरलेली ट्रॉली उलटली आणि कौतिकभाऊंचा डावा पाय गुडघ्यातून कायमचा ताठ झाला. ट्रॅक्टर सुटला, मोटरसायकल सुटली. आठ महिने तो माणूस भिंतीकडे तोंड करून पडून होता. कोणी बोलवायला आलं की डोळे मिटून घ्यायचा. तेव्हा बेबाबाईच्या मालकांनी धुळ्यातल्या एका डॉक्टरांची जपानी गाडी मिळवून दिली. ऑटोमॅटिक. क्लच नाही, गिअर आपोआप पडतात, पायडलं दोनच आणि दोन्ही उजव्या पायाची. अख्खा गाव बघायला आला होता. कौतिकभाऊ पहिल्यांदा शिवेपर्यंत जाऊन आले आणि गाडीतून उतरेचनात, एवढा आनंद.

त्या वर्षीच्या दसऱ्याला सगळे आपापल्या गाड्यांच्या चाकाखाली लिंबं ठेवत होते. लताबाईंनी बॉनेट उघडायला लावलं. म्हणाल्या, ‘‘ह्या गाडीचा गिअर कुठी हाये ते दाखवा मले. माह्या माणसाले त्यानं उभं केलं.’’ गिअर काही वरून दिसत नाही. दिसते ती त्याचं तेल मोजायची लांब पट्टी, तिची बोटभर मूठ तेवढी वर असते. लताबाईंनी तेलात शेंदूर कालवला आणि त्या मुठीला लावला. तेव्हापासून दरवर्षी एक थर. आता ती मूठ चांगली चिंचोक्याएवढी जाड, केशरी झाली होती. पाहुण्यारावळ्यांना बॉनेट उघडून दाखवावी अशी.

तर सव्वासहाला गाडी निघाली. सावदा गेलं, फैजपूर गेलं. दोन्ही बाजूंना केळीची हिरवीगार पानं आणि मधून ही चंदेरी गाडी. कौतिकभाऊंनी मिशीला पीळ भरला होता. तेजस मागे बसून म्हणत होता, ‘‘नाना, दम लागला तर सांगा, मी घेतो.’’ नाना ऐकतात होय!

भुसावळ सोडलं आणि पुलाच्या चढावर घात झाला. इंजिन एकदम बोंबललं आणि गाडी जागच्या जागी मंदावली. पाय दाबावा तर आवाज वाढे, वेग वाढेना. मागच्या ट्रकवाल्याने हॉर्नचा भोंगा लावला.

‘‘गिअर सरकतोय,’’ तेजस म्हणाला. ‘‘इंजिन फिरतंय, पण चाकांपर्यंत जोर पोचत नाहीये.’’

‘‘डब्यातल्या सांजोऱ्या जड झाल्या असतीन,’’ कौतिकभाऊ म्हणाले, पण त्यांच्या कपाळावर घाम होता.

रखडत, धापा टाकत गाडी जळगावात अजिंठा चौफुलीजवळच्या जीवराम मिस्त्रीच्या गॅरेजला लागली. साडेआठ झाले होते. जीवराम ओळखीचा, हाताला गुण असलेला माणूस. पाच मिनिटं गाडीखाली शिरला आणि हसत बाहेर आला.

‘‘घाबरू नका भाऊ. तेलाच्या नळीची क्लिप ढिली झालीय. थेंब थेंब करून निम्मं तेल रस्त्याला गेलं. ऑटोमॅटिकचं सगळं खेळणं तेलाच्या जोरावर. तेलच कमी, तर गिअर धरणार कशाला?’’ त्याने पट्टी ओढून काढली, फडक्याला पुसली. फडक्यावर काकवीसारखा काळपट डाग पडला. ‘‘उरलंय तेही जुनं झालं. क्लिप आवळतो, हे काढून टाकतो, नवं भरतो. दहाला मोकळे.’’

लताबाईंचा जीव भांड्यात पडला. दहाला निघालं तर बारा-साडेबाराला धुळं. त्यांनी लगेच पानाचा डबा काढला.

जीवरामने काम हातावेगळं केलं. जुनं तेल खाली परातीत काढलं, क्लिप आवळली आणि मागच्या फळीवरून एक कॅन घेऊन आला. नवं तेल, लालभडक.

‘‘कोणतं आहे?’’ तेजसने विचारलं.

‘‘लाल आहे. ऑटोमॅटिकचं तेल लालच असतं.’’

तेजसने फोन काढला. एका ठिकाणी एक नाव, दुसऱ्या ठिकाणी दुसरं, तिसरा म्हणे वर्षावर अवलंबून. ‘‘गाडीचं पुस्तक कुठाय, नाना?’’

‘‘उंदरांनी वाचलं,’’ कौतिकभाऊ म्हणाले. ‘‘अरे, लाल ते लाल. तिकडे अक्का बसेल असीन ओट्यावर. ओत रे जीवराम!’’

‘‘नाना, उगीच जोखीम कशाला?’’ तेजस म्हणाला. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. ‘‘गाडी राहू द्या इथे दोन दिवस. मी टॅक्सी करतो, बेबाफुईला घेऊन येतो. तुम्ही बसस्टँडवरून घरी जा. आणि खरं सांगू? आता हिला काढूनच टाका. चालवायचं वय आहे का तुमचं?’’

कौतिकभाऊ बाकड्यावर बसले आणि त्यांनी तोंड फिरवलं. समोर गॅरेजची भिंत होती.

ही पाठ लताबाईंनी आठ महिने पाहिली होती. एक तप उलटून वर आठ वर्षं गेली होती, पण ती पाठ त्या विसरल्या नव्हत्या. आज हा माणूस बसने घरी परतला तर पुन्हा स्टिअरिंगला हात लावणार नाही, हे त्यांना लख्ख कळलं. तेजसला नाही कळणार. तो तेव्हा सहा वर्षांचा होता.

‘‘ओत बापा,’’ त्या जीवरामला म्हणाल्या. ‘‘लवकर ओत.’’

जीवरामने कॅनचं बूच उघडलं. हाताला चाळा म्हणून लताबाईंनी फडक्यावरची ती पट्टी उचलली आणि मुठीवर नेहमीसारखा अंगठा ठेवला. शेंदूर गुळगुळीत लागला. आणि एकदम त्यांना आठवलं की पहिल्या दसऱ्याला तो गुळगुळीत नव्हता! पहिला थर लावताना अंगठ्याला खरखर लागली होती. नव्या पातेल्यावर नाव घातलेलं असतं ना, तशी. उठावाची अक्षरं. इंग्रजी म्हणून त्यांनी वाचली नव्हती. वाचता येत नाही त्यावर शेंदूर लावायला कोणाची हरकत असते?

‘‘थांब रे जीवराम!’’

लताबाई अशा आवाजात ओरडल्या की शेजारच्या टपरीवरचा चहावालाही थांबला.

‘‘ह्याच्याखाली लिहेल हाये. तेलाचंच असीन. तेल मोजायच्या पट्टीवर दुसरं काय लिहितीन?’’

तेजसने मूठ हातात घेतली, उजेडात धरली. नुसता केशरी गोळा. ‘‘जीवरामभाऊ, स्क्रूड्रायव्हरने खरवडा बरं.’’

जीवराम दोन पावलं मागे सरकला. ‘‘मी? काकूंनी वीस वर्षं पुजलेल्या देवाला मी स्क्रूड्रायव्हर लावू? तुमच्या गाडीचं इंजिन सांगा, आत्ता उतरवून देतो. हे काम नाही आपलं.’’

आता झाली पंचाईत. सगळे लताबाईंकडे बघायला लागले. लताबाईंचाही हात उचलेना. त्यांच्या माहेरच्या वेशीवर मारुती होता, शेंदराने फुगून नाक-डोळे दिसेनासे झालेला. त्या दहा वर्षांच्या असताना एका सकाळी त्याची शेंदराची खोळ आपोआप गळून पडली आणि आतून छोटा, हसऱ्या तोंडाचा मारुती निघाला. देव कोपला असं कोणी म्हणालं नाही. गावाने वाजतगाजत खोळ मिरवली आणि गूळ वाटला. देवाने खरं रूप दाखवलं म्हणून.

लताबाईंनी पट्टी कपाळाला लावली. ‘‘दाखव बापा तुह्यं खरं रूप,’’ म्हणाल्या, घासलेटात बोट बुडवून मुठीच्या कडेने फिरवलं आणि दगडावर नारळ आपटावा तसा एक हलका ठोका दिला. एकदा. दुसऱ्यांदा. तिसऱ्या ठोक्याला अख्खी खोळ त्यांच्या तळहातावर आली, आतून अक्षरांचे उलटे ठसे घेऊन. मूठ लख्ख उघडी पडली.

‘‘आई!’’ तेजस ओरडलाच. ‘‘हेच तेल वापरा असं लिहिलंय! नाव आहे पुढे!’’

त्याने जीवरामचा कॅन फिरवून पाहिला. त्याच्यावरचं नाव वेगळं होतं.

जीवरामने मुकाट्याने बूच लावलं. डोकं खाजवून म्हणाला, ‘‘खरं सांगतो काकू, हे ओतलं असतं तर धुळ्यापर्यंत गेलेही असता. पण मग गिअर थरथरायला लागला असता. आतल्या प्लेटांना ज्याची सवय, तेच तेल लागतं. परत यायचं काही माझ्याने सांगवत नाही.’’

कौतिकभाऊंची पाठ वळली होती. ते भिंत सोडून खोळीकडे बघत होते.

‘‘हे तेल मिळेल कुठे?’’ तेजसने विचारलं.

‘‘जळगावात एकच जागा, प्रेमचंदशेठ. पण त्यांचं दुकान आज बंद. त्यांच्या घरी उद्या पारणं आहे.’’

बंद म्हणजे काय बंद! लताबाईंनी खोळ रुमालात बांधली, पट्टी हातात धरली आणि रिक्षाला हात केला. तेजसला त्यांच्यामागे पळावं लागलं. दहा वाजून गेले होते.

प्रेमचंदशेठचं दुकान खाली, घर वर. दारात मांडव पडला होता, उसाच्या मोळ्या रचल्या होत्या. त्यांच्या पत्नीने, धनकुंवरबाईंनी, वर्षीतप केलं होतं. वर्षभर एका दिवसाआड उपास, आणि तो उद्या, ह्याच अक्षय तृतीयेला, उसाच्या रसाने सुटायचा. मांडवात पांढऱ्या कुडत्यात उभे असलेले शेठ हात जोडून म्हणाले, ‘‘आज नाही हो भाभीजी. आज घरचं काम आहे. परवा या.’’

‘‘परवा येऊन काय करू शेठ? माह्यी नणंद आज ओट्यावर बसेल हाये.’’ आणि लताबाईंनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. पाय, गाडी, मुराळी, मागच्या वर्षीचा मोकळा झोका, सगळं. 

खुर्चीवर बसलेल्या धनकुंवरबाई ऐकत होत्या. वर्षभराच्या उपासाने चेहरा बारीक झालेला, पण डोळे कसे तेज.

‘‘भाई की राह देख रही है?’’ त्यांनी विचारलं. ‘‘मेरे भी भाई आज शाम को पाली से आ रहे हैं. सुबह से चार बार सड़क देख चुकी हूँ.’’ मग नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, ‘‘खड़े क्या हो? दुकान खोलो जी.’’

शटर खडखडत वर गेलं. शेठनी चष्मा लावून पट्टी वाचली, मग रुमालातली खोळ पाहिली आणि खो खो हसले. ‘‘भाभीजी, चाळीस वर्षांच्या धंद्यात असा कव्हर नाही पाहिला!’’

‘‘जीवराम म्हणे लाल असलं की झालं,’’ तेजस म्हणाला.

‘‘लाल तर कुंकूपण असतं, ते ओतायचं काय?’’ शेठनी शिडी लावली, वरच्या फळीवरून चार डबे काढले, एकेका डब्यावरचं नाव पट्टीशी ताडून पाहिलं. ‘‘हे घ्या. आणि ऐका, जेवढं निघालं आणि गळालं तेवढंच भरायचं. मशीन लावून आतून धुऊन काढतो असं कोणी म्हणालं तर नाही म्हणा. जुनी गाडी आहे, तिला हळूहळू सवय लागू द्या. महिन्याने पुन्हा थोडं बदला.’’

पुढचा तास कसा गेला ते लताबाईंना नंतर सांगताच येईना. नरसाळं लागलं, तेल गेलं, इंजिन सुरू झालं. कौतिकभाऊंनी ब्रेक दाबून धरून दांडी एकेका खाचेतून फिरवली. गाडी तापू दिली. मग पट्टी पुसून घातली, काढली. हे काम लताबाईंनी कोणाला करू दिलं नाही. दोन खुणांच्या बरोबर मध्ये तेल, स्वच्छ, लाल.

‘‘बसा,’’ कौतिकभाऊ म्हणाले.

दांडी पुढच्या खाचेत पडली आणि कुठलाही धक्का न देता गाडी निघाली. चौफुली गेली, हमरस्ता लागला. पहिला गिअर, दुसरा, तिसरा, एक सुटून दुसरा कधी लागला ते कळूसुद्धा नये. एरंडोलच्या अलीकडच्या चढावर तिघांनीही श्वास रोखला. गाडी सरळ वर! तेजसनेच पहिली शिट्टी मारली. ‘‘नाना, दाबा अजून!’’ म्हणे. सकाळी हाच पोरगा गाडी काढून टाका म्हणत होता.

धुळ्यात बेबाबाईच्या गल्लीत शिरले तेव्हा दोन वाजले होते. ती ओट्यावर होती. पायाशी पिशवी, डोक्यावर पदर, शेजारी जेवणाचं झाकलेलं ताट. गाडी वळली आणि ती म्हातारी उभी राहिली.

‘‘मना भाऊ उना!’’ तिने आत ओरडून सुनेला भाऊ आल्याचं सांगितलं. ‘‘मना भाऊ उना वं!’’

कौतिकभाऊ ताठ पाय बाहेर काढून उतरले. बहीणभाऊ एकमेकांना धरून तिथेच रस्त्यात उभे राहिले. लताबाईंनी सांजोऱ्यांचा डबा उघडून दिसेल त्याच्या हातात सांजोरी ठेवली.

परतीच्या वाटेवर तेजस पुढे बसला, नणंद-भावजय मागे. पारोळा मागे पडलं. पुढे बापलेकांची गिअर आणि तेल यावर जोरात चर्चा चालली होती. लताबाईंना राहवलं नाही. हळूच म्हणाल्या, ‘‘अक्का, मागल्या वर्षी तेजससंगं काहून नाही आल्या? आम्ही सगळे किती रडलो.’’

बेबाबाईने पुढे नजर टाकली, मग कानाशी तोंड आणलं. ‘‘तेजससंगे मी उनी असती, तर यानी गाडी इकी टाकी असती. मंग परत खाट शे ना भित शे. तव्हा, पाय मोडना तव्हा, तो उठेच ना. म्हणीसन मी अट घाली, तूच ये, गाडी तूच चालाड. नहीतर माले काय, यष्टीबी चालती.’’

लताबाई तिच्याकडे बघतच राहिल्या. वीस वर्षं ज्याला हेका म्हटलं, तो हा होता तर. मागच्या आखाजीला माहेराविना एकटी बसली ती म्हातारी, ती यासाठी, भावाने गाडी विकून पुन्हा भिंतीकडे तोंड करू नये म्हणून. त्यांनी रुमाल सोडला आणि शेंदराची खोळ नणंदेच्या तळहातावर ठेवली. सकाळची सगळी हकीगत सांगितली. बेबाबाई तोंडाला पदर लावून हसत राहिली.

‘‘मागं काय कुजबुज चालली?’’ कौतिकभाऊंनी आरशात पाहून विचारलं.

‘‘पुढला दसराले शेंदूर कोठे लावाना, ते ठरी ऱ्हायनं,’’ बेबाबाई मोठ्याने म्हणाली. ‘‘अक्षरं बुजाले नको आते.’’

‘‘मग कुठी लावणार?’’

‘‘तुना उजवा पायले. वीस वरीस एकलाच राबना तो.’’

कौतिकभाऊंचे आरशात दिसत होते तेवढे डोळे भरले होते. पण गाडी एकदम झपकन पुढे गेली, आणि लताबाई ओरडल्या, ‘‘अहो, हळू! झोका उद्या हाये!’’